सासूबाईंचं वीसबाडेन: त्यातलं पाहिलेलं किती, ऐकलेलं किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सासूबाई अमेरिकन, वय पंच्याऐंशी. त्यांचे वडील अमेरिकन हवाई दलात विमानांचे मेकॅनिक होते. १९४७ च्या उन्हाळ्यापासून १९५० पर्यंत, म्हणजे साधारण सात ते दहा या वयात, सासूबाई जर्मनीत वीसबाडेनला राहिल्या. हल्ली जेवताना, भांडी विसळताना मधूनच काहीतरी सांगतात: पाच सेंटची कागदी नोट, घराच्या तळघरात राहणारं जर्मन कुटुंब, संग्रहालयातली एका डोळ्याची इजिप्तची राणी, आकाशातून पडणारी चॉकलेटं. तुमचे यजमान म्हणतात, आईने यातल्या निम्म्या गोष्टी सिनेमातून उचलल्या आहेत. तुम्हाला मुलांसाठी हे सगळं मराठीत लिहून ठेवायचंय, आणि त्यातलं खरं-खोटं कसं निवडायचं असं तुम्ही विचारताय. शिवाय घराचा विषय निघाला की त्यांचे डोळे भरून येतात आणि त्या उठून जातात, हेही शेवटी जाता जाता लिहिलंय.

मी गेली बरीच वर्षं फौजी कुटुंबांच्या आठवणी रेकॉर्ड करते. बहुतेक लोक आपल्याकडचेच, देवळाली, खडकी, बेळगावच्या छावण्यांत वाढलेले आणि आता सत्तरी ओलांडलेले. लग्नसंबंधांमुळे काही परदेशी कुटुंबंही त्यात आली. त्या अनुभवावरून सांगते, खरं-खोटं हा प्रश्न थोडा नंतरचा आहे. आधी प्रत्येक आठवणीबद्दल तीन गोष्टी वेगळ्या करायच्या: त्यांनी स्वतः काय पाहिलं, त्या वेळी घरात काय ऐकलं, आणि मोठेपणी वाचून-बघून काय कळलं. तिन्ही लिहायचं आहेच, फक्त एकमेकांत मिसळू द्यायचं नाही. यजमानांचा संशय बहुधा तिसऱ्या थरावर आहे आणि त्या रागात ते पहिला थरही फेकून देताहेत.

तुम्ही सांगितलेल्या चार गोष्टींपैकी दोन तर सरळसरळ खऱ्या आहेत, त्या आधी घेते.

पाच सेंटची नोट. युद्धानंतर जर्मन मार्कला काही किंमत उरली नव्हती, बाजार सिगारेटवर चालत होता. अमेरिकन सैनिक सिगारेट विकून मार्क मिळवायचे, ते लष्कराकडे देऊन त्याचे डॉलर करून घरी पाठवायचे, आणि हिशेब केला तर पगारापेक्षा जास्त पैसे घरी जात असल्याचं दिसायचं. म्हणून सप्टेंबर १९४६ पासून लष्कराने आपल्या माणसांना मार्कमध्ये पगार देणं बंद केलं आणि फक्त लष्करी दुकानांत, क्लबांत, सिनेमागृहांत चालणारी कागदी प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली. त्यात नाणी नव्हतीच. पाच, दहा, पंचवीस, पन्नास सेंट, सगळं कागदी. त्यामुळे त्या वयाच्या मुलीने आइस्क्रीमला हातात चुरगळलेली नोट नेली असणार, यात सिनेमाचा काही संबंध नाही.

याच धाग्याला धरून एक चांगला प्रश्न विचारता येतो. ही कागदं काळ्या बाजारात जर्मनांच्या हाती गेली की लष्कर अचानक, आधी न सांगता, सगळी मालिका रद्द करायचं. एका दिवसात जुनी द्या, नवी घ्या, आणि बाहेरच्या कुणाकडे जुनी असतील तर ती रद्दी. तुमच्या सासूबाई तिथे असताना असा बदल एकदाच झाला, २२ मार्च १९४८ ला. तारीख सांगू नका. “एखाद्या दिवशी घरातले सगळे पैसे गोळा करायची धावपळ झाली होती का?” एवढंच विचारा. मग बाटलीत, गादीखाली, मुलीच्या डब्यात ठेवलेले पैसे कोणी कसे शोधले ते येईल. कदाचित घरकाम करणाऱ्या बाईंचा चेहराही येईल, कारण त्यांच्याकडे असायला नको तेवढी कागदं असणं अगदी शक्य होतं.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, २० जून १९४८ ला, जर्मनीच्या पश्चिमेकडच्या, म्हणजे अमेरिकन, ब्रिटिश आणि फ्रेंच ताब्यातल्या, तिन्ही विभागांत नवा जर्मन मार्क आला. माणशी आधी चाळीस मार्क वाटले. दुकानदारांनी दडवून ठेवलेला माल दुसऱ्या दिवशी मांडला, आणि त्या काळातली मुलं हे हमखास सांगतात: काल रिकामी असलेली काच आज भरलेली. सासूबाईंना तशी एखादी खिडकी आठवत असेल तर तुम्हाला दुसरी पक्की तारीख मिळाली. मुलांच्या आठवणीत तारखा नसतातच, त्या अशा वस्तूंवरूनच लावाव्या लागतात.

आता राणी. यजमानांना सांगा की आई बरोबर आहे. नेफरतीतीचं ते प्रसिद्ध मस्तकशिल्प बर्लिनचं, पण युद्धात ते सुरक्षिततेसाठी खाणीत हलवलं होतं. तिथून अमेरिकनांच्या ताब्यात आलं आणि १९४५ मध्ये वीसबाडेनला पोचलं. तिथल्या संग्रहालयाच्या इमारतीत अमेरिकनांनी युरोपभर विखुरलेल्या, लुटलेल्या, लपवलेल्या कलावस्तू गोळा करायचं केंद्र उघडलं होतं. १९४६ पासून शिल्प लोकांना बघायला ठेवलं आणि १९५६ पर्यंत ते वीसबाडेनलाच होतं. डाव्या डोळ्यात बुबुळच नाही, त्यामुळे सात-आठ वर्षांच्या मुलीच्या मनात ते घर करून बसलं असेल तर नवल नाही. हे शिल्प आज जगभर फोटोत दिसतं म्हणून यजमानांना ते नंतरचं वाटतं. पण वीसबाडेनमध्ये पाहिलं असं सांगणं हाच पहिल्या थराचा पुरावा आहे, कारण पुस्तकातून उचललेल्या आठवणीत ते बर्लिनला असतं.

चॉकलेटांची गोष्ट मात्र जपून हाताळा. सोव्हिएत नाकेबंदीत बर्लिनला विमानांनी रसद नेली, जून १९४८ ते सप्टेंबर १९४९. गेल हॅल्व्होर्सन या वैमानिकाने टेंपलहोफच्या धावपट्टीजवळ जमणाऱ्या मुलांसाठी रुमालांची छोटी पॅराशूट बांधून चॉकलेटं टाकली, ते बर्लिनमध्ये. वीसबाडेन बर्लिनपासून चारशेहून जास्त किलोमीटर. पण वीसबाडेनचं विमानतळ त्या मोहिमेचं एक मोठं ठाणं होतं, रात्रंदिवस विमानं उठायची, आणि वडील मेकॅनिक. तेव्हा चॉकलेटं पडताना त्यांनी पाहिली नसतील, पण रुमालांना दोऱ्या बांधताना कुणाला पाहिलं असेल, वडिलांच्या तोंडून ऐकलं असेल, वर्तमानपत्रात फोटो पाहिला असेल. “तुम्ही चुकताय” असं म्हणू नका. “तुमच्या हातात तेव्हा काय होतं?” असं विचारा. आणि वडिलांबद्दल विचारा: रात्रपाळ्या, अंगाला येणारा तेलाचा वास, सुट्टी रद्द होणं. त्या मोहिमेत ३१ अमेरिकन अपघातांत गेले. वर्गातलं एखादं मूल अचानक शाळेत यायचं बंद झालं होतं का, हेही हळूच विचारता येईल, पण पहिल्या बैठकीत नको.

खरी अवघड गोष्ट घराची आहे आणि तुमच्या प्रश्नाचा गाभाही मला तिथेच दिसतो.

१९४६ च्या एप्रिलअखेर अमेरिकन कुटुंबांचं पहिलं जहाज ब्रेमरहाफनला लागलं. सुरुवातीच्या काळात त्यांच्यासाठी बांधलेल्या वसाहती नव्हत्या, म्हणून लष्कराने चांगल्या अवस्थेतली जर्मन घरं ताब्यात घेतली. वीसबाडेनवरही बॉम्ब पडले होते, पण ऱ्हाइनपलीकडच्या माइन्त्सच्या मानाने शहर पुष्कळ वाचलं होतं, व्हिला शाबूत होते. राहत्या कुटुंबाला थोड्या मुदतीत बाहेर पडायला सांगायचे. फर्निचर, ताटं, गाद्या मागे ठेवायला लागायच्या. त्यामुळे अमेरिकन मुलगी दुसऱ्याच्या पलंगावर झोपायची, दुसऱ्याच्या पुस्तकांच्या कपाटासमोर खेळायची. कधी कधी खेळणीही तशीच असायची.

तळघरातलं कुटुंब कोण होतं ते परिस्थितीवर अवलंबून आहे. मालकच असतील, काही ठिकाणी त्यांना घराच्या एका कोपऱ्यात राहू दिलं जायचं. पण अशा घरांत कोळशाची भट्टी सांभाळणारा माणूस, माळी किंवा मोलकरीणही तळघरात किंवा माळ्यावर राहायची. सात वर्षांच्या मुलीला हा फरक कुणी सांगणार नाही. तो कसा ओळखायचा? छोट्या प्रश्नांनी. ती माणसं कुठल्या दारानं यायची? किल्ली कोणाकडे होती? पियानो असेल तर त्याला कोण हात लावायचं? मी रेकॉर्ड केलेल्या एका बाई दुसऱ्या शहरातल्या अशाच घरात वाढल्या. त्या म्हणाल्या, आईला कणीक चाळायची चाळण सापडत नव्हती, तर धुणं धुवायला येणारी बाई हात पुसून उठली, जिन्याखालचं बुटकं कपाट उघडलं, दोन डबे बाजूला केले आणि मागून चाळण काढून दिली. आईने “थँक यू” म्हटलं आणि त्यानंतर दिवसभर ती गप्प होती. मुलीला तेव्हा काही कळलं नाही, तिच्या लक्षात राहिलं ते आईचं गप्प राहणं. ही पहिल्या थराची आठवण. “ती बाई घराची मालकीण होती” हे तिसऱ्या थराचं अनुमान, पन्नाशीत केलेलं. दोन्ही लिहायचं, पण दोन वाक्यांत.

सासूबाई रडतात, ते या अनुमानापाशी असावं. त्या काळातली अमेरिकन मुलं मोठेपणी बहुतेक एकाच गोष्टीने अस्वस्थ होतात: आपल्याकडे सगळं होतं आणि कुंपणापलीकडे काही नव्हतं. १९४७ मध्ये अमेरिकन विभागातल्या साध्या जर्मन माणसाच्या शिध्याचं अधिकृत प्रमाण दिवसाला दीड हजार कॅलरींच्या आसपास होतं आणि हातात पडायचं ते पुष्कळदा त्याहूनही कमी. अमेरिकन घरातून फेकलेली कॉफीची चोथी, सिगारेटची थोटकं यांनाही किंमत होती. मुलं ते बघतात आणि विचारत नाहीत. तुम्ही समजूत घालायला जाऊ नका. “तुम्ही तर लहान होतात, तुमचा काय दोष” हे वाक्य त्यांनी आयुष्यात हजारदा स्वतःला ऐकवलं असणार, त्याने बोलणं बंद होतं, मोकळं होत नाही. न्यायनिवाडाही नको. उठून गेल्या तर जाऊ द्या. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू नका, स्वयंपाकघरातून करा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, बरेच जण ती विसरतात. १९४७ मध्ये त्या घरातून बाहेर काढलेलं कुटुंब हे त्या घराचं पहिलंच कुटुंब असेल असं नाही. वीसबाडेनमध्ये ज्यूंची वस्ती होती. नाझी राजवटीत त्यांची मालमत्ता गेली, १९४२ मध्ये उरलेल्यांना गाड्यांत घालून पाठवलं. चांगल्या वस्तीतल्या व्हिलाच्या इतिहासात एकाखाली एक तीन कुटुंबं निघू शकतात. तळघरातल्या माणसांबद्दल सासूबाईंना वाटणारी हळहळ खरीच आहे, पण घराचा कागद हाती आला की ती आणखी गुंतागुंतीची होऊ शकते. म्हणून पत्ता शोधायचा का, हे आधी त्यांना विचारा. त्यांना नको असेल तर तिथे थांबायचं.

हवं असेल तर मार्ग आहे. जर्मन शहरांच्या जुन्या पत्ता-पुस्तकांत रस्ता आणि घर क्रमांकानुसार राहणाऱ्यांची नावं असतात. शहराच्या अभिलेखागाराला रस्ता, क्रमांक आणि वर्षं कळवून ताब्यात घेतलेल्या घरांची कागदपत्रं आहेत का ते विचारता येतं. उत्तर येईलच असं नाही. आलं तर त्या कुटुंबाचं नाव तुमच्या लिखाणात टाकू नका. त्यांची नातवंडं आज कुठेतरी आहेत आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही.

पत्ता आठवत नसेल तर पाकिटं शोधा. अमेरिकन लष्कराच्या पत्रांवर शहराचं नाव नसायचं, टपालाचा एक क्रमांक असायचा. वीसबाडेनचा ६३३, फ्रँकफर्टचा ७५७, बर्लिनचा ७४२. आजीला पाठवलेली जुनी पत्रं कुठल्या मावशीच्या पेटीत असतील तर त्या क्रमांकावरून आणि शिक्क्याच्या तारखेवरून कुटुंब कधी कुठे होतं ते महिन्यागणिक लागतं. फोटोंच्या मागची बाजूही पाहा. अल्बममधून फोटो काढताना ज्या क्रमाने चिकटवलेत तो क्रम आधी मोबाइलवर टिपून ठेवा. कुणीतरी हौसेने सगळे काढून ‘नीट’ लावले की तो क्रम गेला तो गेलाच.

वडिलांची सेवा-नोंद मागवायचं तुमच्या मनात असेलच. मागवा, पण फार आशा ठेवू नका. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या अभिलेख केंद्राला आग लागली आणि दीड कोटीहून जास्त फायली जळाल्या. भूदलातून १९६० च्या आधी बाहेर पडलेल्यांच्या सुमारे ऐंशी टक्के नोंदी त्यात गेल्या. हवाई दलातून सप्टेंबर १९४७ ते जानेवारी १९६४ या काळात बाहेर पडलेल्यांपैकी, वर्णानुक्रमात ‘हबार्ड, जेम्स ई.’ या नावानंतर येणाऱ्यांच्या सुमारे पंचाहत्तर टक्के. म्हणजे आडनाव काय आणि वडील निवृत्त कधी झाले यावर सगळं आहे. १९६४ नंतर झाले असतील तर फाइल बहुधा शाबूत. १९४७ च्या सप्टेंबरपर्यंत हवाई दल भूदलाचाच भाग होतं, त्यामुळे कुठल्या खात्यात शोधायचं हेही आधी ठरवायला लागेल. फाइल नसेल तर १९५० साली परत येताना न्यूयॉर्कला उतरलेल्या जहाजाची प्रवासी-यादी शोधा, त्या याद्या संगणकावर आलेल्या आहेत. विमानाने आले असतील तर नाव वेगळ्या यादीत असेल.

आता प्रत्यक्ष बैठक. पाऊण तासाच्या वर नको. मोबाइल टेबलावर उघड ठेवा, लपवून अजिबात नको. यजमानांना त्या वेळी भाजी आणायला पाठवा. मुलगा समोर असला की आई त्याच्यासाठी बोलते, आणि हा मुलगा तर शंका काढणारा. पहिल्या दिवशी एक मोठा कागद द्या आणि घराचा नकाशा काढायला सांगा: जिना कुठे, भट्टी कुठे, झोपायची खोली कुठे, बागेचं फाटक कुठे. काढताना हात जिथे थांबतो तिथे प्रश्न विचारा. “तुमचं बालपण कसं होतं?” असा प्रश्न विचारला की ठरलेलं भाषण मिळतं, अनेकदा पॉलिश केलेलं. आपल्या छावण्यांतल्या मुलांचंही हेच: “तुमचं गाव कुठलं?” विचारलं की गडबडतात, पण “क्वार्टरच्या मागच्या दाराबाहेर काय होतं?” विचारलं की अर्धा तास बोलतात.

बैठक त्यांच्या भाषेत, इंग्रजीतच करा, आणि जसं बोलल्या तसं आधी उतरवून घ्या. मराठी नंतर. त्यात “आजीला वाटलं” असं आपल्या पदरचं घालायचा मोह होईल, कारण मुलांना गोष्ट रंगतदार हवी असते. त्यांनी म्हटलं असेल तरच घाला. उतरवलेल्या प्रतीवर समासात तीन खुणा करत चला: पाहिलं, ऐकलं, नंतर कळलं. जिथे ठरत नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवा आणि ते मराठी प्रतीतही दिसू द्या. प्रश्नचिन्हं पाहून मुलं आजीला स्वतः जाऊन विचारतात, असं मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

आवरतं घेते. आधी पाकिटं आणि अल्बम, मग नकाशा, मग पैशांच्या गोष्टी आणि राणी, कारण तिथे त्यांना खात्री आहे आणि त्यांच्या बोलण्याला आधार मिळतो. चॉकलेटं आणि तळघर तिसऱ्या-चौथ्या बैठकीत. कागदपत्रांचे अर्ज मात्र आजच टाका, त्यांना महिने लागतात आणि सासूबाई पंच्याऐंशीच्या आहेत.

पाकिटांवर ६३३ सोडून दुसरा कुठला क्रमांक निघाला तर इथे लिहा. मग कुटुंब आधी दुसऱ्या गावी असेल, आणि तळघराचं घर वीसबाडेनचंच होतं का हे पुन्हा बघावं लागेल.